दुरुस्तीला गेलेली वस्तू परत कधी येणार?

डोंबिवलीत राहणारे एक निवृत्त शिक्षक माझ्या परिचयाचे आहेत. वय एकाहत्तर. ऐकू कमी येत असल्याने गेली काही वर्षे ते श्रवणयंत्र वापरतात. गेल्या पावसाळ्यात ते यंत्र बंद पडले. जेथून घेतले होते त्याच दुकानात ते घेऊन गेले. ‘हे इथे होण्यासारखे नाही, कंपनीकडे पाठवावे लागेल,’ असे दुकानदाराने सांगितले, दोन हजार रुपये आगाऊ घेतले आणि पावती हातात ठेवली. यंत्र कुरियरने परराज्यातील कार्यशाळेकडे रवाना झाले. ‘साधारण तीन आठवडे लागतील,’ एवढेच तोंडी आश्वासन होते. तीन आठवड्यांचे सहा झाले आणि सहाचे अकरा.

या अकरा आठवड्यांत सरांनी फोन उचलणे सोडून दिले. मागून येणाऱ्या रिक्षाचा हॉर्न ऐकू येत नाही म्हणून संध्याकाळचे फिरणे बंद झाले. घरात नातवंडे बोलत असताना ते नुसते हसून मान हलवू लागले. दुकानदाराला विचारले की तो कंपनीचा फोन क्रमांक देई. कंपनीला फोन केला की ‘सुटा भाग यायचा आहे’ असे उत्तर मिळे. संकेतस्थळावर पावती क्रमांक टाकला की ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढेच शब्द दिसत. पावती काढून पाहिली तेव्हा तिच्यावर एक तारीख ठळक छापलेली आढळली: दुरुस्तीची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत वस्तू न नेल्यास दुकान जबाबदार राहणार नाही. ग्राहकाला मुदत होती. दुकानाला मात्र कोणतीही मुदत नव्हती.

मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा, घड्याळ, श्रवणयंत्र अशा कितीतरी वस्तू आज गल्लीतल्या कारागिराकडे दुरुस्त होत नाहीत. त्या खोक्यात बांधून दूरच्या शहरातील केंद्रीय कार्यशाळेत पाठवाव्या लागतात. ज्याच्या हातात वस्तू आहे तो माणूस आपल्याला दिसत नाही आणि जो दिसतो त्याच्या हातात काही नसते. अशा वेळी विलंब झाला तर ग्राहकाने केवळ वाट पाहावी, असा समज सर्वत्र आढळतो. कायद्याचे म्हणणे तसे नाही. विलंबाला कायद्यात उत्तर आहे. पण त्या उत्तराचा बराचसा भाग एका साध्या गोष्टीवर अवलंबून असतो. ती गोष्ट म्हणजे वस्तू सोपवताना कागदावर लिहून घेतलेली तारीख.

वस्तू त्यांच्याकडे, मालकी आपली

दुरुस्तीसाठी वस्तू देणे या व्यवहाराला भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये ‘निक्षेप’ असे नाव आहे. एखादी वस्तू विशिष्ट हेतूने दुसऱ्याच्या ताब्यात देणे आणि हेतू पूर्ण झाल्यावर ती परत मिळणे, असा त्याचा अर्थ. या व्यवहारात ताबा बदलतो, मालकी बदलत नाही. शिंप्याकडे दिलेले कापड, सोनाराकडे दिलेली बांगडी आणि कार्यशाळेत पाठवलेला लॅपटॉप हे तिन्ही कायद्याच्या दृष्टीने एकाच जातीचे व्यवहार होत.

या कायद्याची तीन कलमे ग्राहकाने ध्यानात ठेवावीत. कलम १५१ नुसार, वस्तू ताब्यात घेणाऱ्याने तिची काळजी सर्वसाधारण सुज्ञ मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी घेतलीच पाहिजे. कलम १६० नुसार, मुदत संपताच किंवा हेतू साध्य होताच वस्तू परत करणे हे त्याचे कर्तव्य आहे आणि ते त्याने मागणी न होताही पार पाडावयाचे आहे. ‘तुम्ही फोन केला नाही म्हणून राहिले’ हे उत्तर म्हणूनच कायद्यापुढे टिकत नाही.

तिसरे कलम १६१ सर्वात महत्त्वाचे. एरवी पुरेशी काळजी घेऊनही वस्तूचे नुकसान झाले, तर ताबा घेणारा त्याला जबाबदार नसतो. मात्र त्याच्या कसुरीमुळे वस्तू योग्य वेळी परत मिळाली नाही, तर त्या वेळेपासून पुढे होणारी हानी, नाश किंवा खराबी यांची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे १० तारखेला परत करावयाचा कॅमेरा त्याच्या चुकीमुळे कार्यशाळेत पडून राहिला आणि २५ तारखेला तेथे पाणी शिरून तो बिघडला, तर ‘आम्ही नीट ठेवला होता’ हा बचाव दुबळा ठरतो. १० तारीख उलटताच जोखीम त्याच्या खांद्यावर गेलेली असते. आता प्रश्न असा, की ही १० तारीख कोठे लिहिलेली आहे?

तारीख लिहिलेली नसेल तर

दुरुस्ती इतक्या दिवसांत झालीच पाहिजे, असे सर्व वस्तूंना लागू होणारे दिवसांचे गणित आपल्याकडील कायद्यात नाही. तथापि, तारीख ठरली नाही म्हणून मुदतच नाही, असाही अर्थ होत नाही. करार कायद्याच्या कलम ४६ नुसार, वेळ ठरलेली नसेल तर काम ‘वाजवी वेळेत’ झाले पाहिजे आणि वाजवी वेळ कोणती हा त्या त्या प्रकरणातील वस्तुस्थितीचा प्रश्न आहे.

येथेच ग्राहकाची अडचण सुरू होते. वाजवी वेळ सिद्ध करावी लागते. मोबाइलचा पडदा बदलण्यास दोन महिने वाजवी नाहीत, हे कोणालाही पटेल. पण जुन्या यंत्राचा परदेशातून येणारा भाग असेल तर वाद उभा राहतो. कंपनीच्या जाहिरातीतील, हमीपत्रातील किंवा संकेतस्थळावरील ‘सात दिवसांत दुरुस्ती’ अशा शब्दांचा तेव्हा उपयोग होतो. दुकानदाराने पाठवलेला ‘दोन आठवड्यांत मिळेल’ असा एका ओळीचा संदेशही पुरावा ठरू शकतो. तो पुसू नये.

कलम ५५ मधील एक तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते. वेळ हा ज्या कराराचा गाभा आहे असा करार ठरल्या वेळी पुरा झाला नाही, तर ग्राहकाला तो रद्द करता येतो. पण ग्राहकाने उशिरा केलेले काम निमूटपणे स्वीकारले, तर त्या उशिराबद्दल भरपाई मागण्याचा हक्क तो गमावतो. अपवाद एकच: स्वीकारताना आपण भरपाई मागणार आहोत, अशी सूचना त्याने दिली पाहिजे. म्हणून वस्तू परत घेताना पोचपावतीवर ‘विलंबाबद्दल भरपाईचा हक्क राखून स्वीकारले’ अशी ओळ लिहावी, तारीख घालावी आणि तिचे छायाचित्र काढून ठेवावे. दुकानदाराने लिहू दिले नाही, तर त्याच दिवशी तसा ई-मेल पाठवावा.

नुकसान किती मागता येते?

विलंबामुळे झालेले सगळेच नुकसान भरून मागता येते का? या प्रश्नाचे उत्तर ज्या जुन्या इंग्रज खटल्यात मिळते, तो योगायोगाने दुरुस्तीसाठी पाठवलेल्या वस्तूचाच आहे. ग्लॉस्टर येथील एका गिरणीच्या वाफेच्या इंजिनाचा दांडा मोडला. नवा दांडा घडवण्यासाठी नमुना म्हणून मोडका दांडा ग्रीनिच येथील कारागिरांकडे पाठवायचा होता. मालवाहतूकदाराने तो पोहोचवण्यास काही दिवस उशीर केला आणि तेवढा काळ गिरणी बंद राहिली. मालकाने बुडालेला नफा मागितला. १८५४ मध्ये ‘हॅडले विरुद्ध बॅक्सेंडेल’ या नावाने गाजलेल्या निकालात न्यायालयाने तत्त्व सांगितले, की करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवणारे नुकसान, किंवा करार करताना दोन्ही पक्षांच्या डोळ्यांसमोर असलेले नुकसान, एवढेच भरून मागता येईल. हा दांडा नसेल तर गिरणी थांबून राहील, ही परिस्थिती वाहतूकदाराला कळवलेली नव्हती, या आधारावर न्यायालयाने नफ्याची मागणी ग्राह्य धरली नाही.

हेच तत्त्व आपल्या करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये आले. त्या कलमाखालील एक उदाहरण तर याच घटनेची आठवण करून देणारे आहे. यंत्र वेळेवर न आल्याने गिरणी बंद आहे, असे वाहतूकदाराला आधी सांगितले असेल, तर विलंबाच्या काळातील सरासरी नफा मागता येतो. त्या विलंबामुळे सरकारी कंत्राट हातचे गेले, तर ते नुकसान मात्र मागता येत नाही.

शहरी ग्राहकाने यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. वस्तू कशासाठी हवी आहे, हे देतानाच लिहून ठेवावे. ‘हे श्रवणयंत्र रोजच्या वापराचे असून दुसरे यंत्र नाही’, ‘या लॅपटॉपवर परीक्षेचा अभ्यास चालू आहे, परीक्षा अमुक तारखेस आहे’, अशी एक ओळ पुरते. नंतर पर्यायी यंत्र भाड्याने घ्यावे लागले, तर त्याचा खर्च का मागत आहोत, हे समजावण्याची वेळ येत नाही. भाड्याची पावती मात्र जपून ठेवावी.

विलंब ही सेवेतील त्रुटीच

करार कायद्याच्या जोडीला ग्राहकाच्या हाती दुसरे आणि अधिक सुलभ साधन आहे. १९८६ च्या कायद्याची जागा घेणारा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. मोबदला देऊन घेतलेल्या सेवेच्या दर्जात, स्वरूपात किंवा ती देण्याच्या रीतीत असलेला दोष, उणीव वा अपुरेपणा म्हणजे ‘त्रुटी’, अशी त्याची व्याख्या आहे. कबूल केलेल्या मुदतीत दुरुस्ती न करणे तिच्यात सहज बसते. याच व्याख्येत आणखी एका गोष्टीचा स्पष्ट समावेश आहे: ग्राहकाला आवश्यक असलेली माहिती जाणूनबुजून दडवणे. सुटा भाग उपलब्धच नाही हे ठाऊक असताना आठवड्यामागून आठवडे ‘प्रक्रिया सुरू आहे’ असे सांगत राहणे, ही निव्वळ टोलवाटोलवी नव्हे. माहिती दडवल्याचे दाखवता आले, तर ती स्वतंत्र त्रुटी ठरते.

‘हमीच्या काळातील दुरुस्ती फुकट असते, मग तक्रार कशाची?’ असे कधीकधी ऐकवले जाते. विनामोबदला सेवा कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, हे खरे. पण हमीतील दुरुस्ती ही देणगी नाही. हमीचे मोल वस्तूच्या किमतीतच आपण मोजलेले असते. विक्रीच्या वेळी दिलेले वचन पाळणे ही कंपनीची जबाबदारीच आहे.

एक मर्यादा मात्र आहे. व्यापारी हेतूने वस्तू वा सेवा घेणारा या कायद्याखाली ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वयंरोजगाराद्वारे केवळ उदरनिर्वाहासाठी स्वतः वापरलेल्या वस्तूला कायद्याने यातून सूट दिली आहे. एकट्याने व्यवसाय करणाऱ्या छायाचित्रकाराने किंवा घरी शिलाई करणाऱ्या भगिनीने तक्रारीत ही बाब सुरुवातीलाच नमूद करावी.

मनस्तापाचे काय? त्याचाही विचार होतो. ‘लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये स्पष्ट केले, की ग्राहकाला द्यावयाच्या भरपाईत छळ आणि मानसिक त्रास यांचाही समावेश होऊ शकतो. अर्थात मागणी वस्तूच्या किमतीला आणि प्रत्यक्ष त्रासाला साजेशी असावी. सहा हजारांच्या दुरुस्तीसाठी दहा लाख मागणाऱ्याची बाजू आपोआप हलकी होते.

जबाबदार कोण: दुकान, कंपनी की कुरियर?

दूरच्या दुरुस्तीत तीन हात असतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. ग्राहकाने या वादात पडू नये. ज्याने वस्तू घेऊन पावती दिली त्याच्याशी आपला पहिला संबंध. तो कंपनीचा अधिकृत प्रतिनिधी असेल, तर त्याने केलेल्या व्यवहाराला कंपनीही बांधील असते. दुकानदाराने निवडलेल्या कुरियरने उशीर केला, तर तो प्रश्न दुकानदार आणि कुरियर यांनी आपसात मिटवावा. तक्रार करताना दुकान आणि कंपनी या दोघांना, आणि वाहतुकीत घोळ झाला असल्यास कुरियरलाही, प्रतिपक्ष करावे.

वस्तू ग्राहकाने स्वतः कुरियरने पाठवली असेल तर चित्र थोडे बदलते. कुरियरच्या पावतीमागे बारीक अक्षरांत भरपाईची मर्यादा छापलेली असते. ‘भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल’ या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी मर्यादा मान्य केली होती, कारण अटी असलेल्या पावतीवर ग्राहकाची स्वाक्षरी होती. भरपाई १०० डॉलरवरच थांबली. पुढे २०१९ मध्ये ‘पायोनियर अर्बन’ प्रकरणात, घरखरेदीच्या संदर्भात, न्यायालयाने एकतर्फी अटी लादणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आणि नव्या कायद्याने ‘अनुचित करार’ ही संकल्पनाही आणली. अनुचित कराराविरुद्धची तक्रार मात्र जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य आयोगाकडे करावी लागते. एवढ्या वाटेला जाण्यापेक्षा किमती वस्तूचे मूल्य पावतीवर जाहीर करणे आणि विमा उतरवणे शहाणपणाचे.

वाटेत वस्तू हरवली वा फुटली, तर आणखी एक मुदत ध्यानात ठेवावी. रस्त्याने मालवाहतुकीसंबंधीच्या २००७ च्या कायद्यात कुरियर संस्थांचाही समावेश आहे. त्यानुसार, वस्तू सोपवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस दिली नसेल, तर पुढे दावा करता येत नाही. टपाल खात्याचे नियम निराळे आहेत. डाकघर कायदा, २०२३ नुसार, नियमांत जेवढे नमूद असेल तेवढेच दायित्व टपाल खात्यावर येते. म्हणून स्पीड पोस्टाने महागडी वस्तू पाठवताना विम्याची सोय आधी विचारून घ्यावी.

देताना, वाट पाहताना, घेताना

वस्तू देताना पावतीवर पाच गोष्टी असाव्यात: वस्तूचा अनुक्रमांक, तिची सद्यःस्थिती, बिघाडाचे वर्णन, अंदाजे खर्च आणि परत मिळण्याची तारीख. ‘अंदाजे’, ‘सुमारे’, ‘भाग उपलब्ध झाल्यावर’ असे शब्द असतील तर त्यापुढे ‘जास्तीत जास्त अमुक तारखेपर्यंत, अन्यथा वस्तू आहे त्या स्थितीत परत’ असे लिहून घ्यावे. दुकानदाराने नकार दिला, तर घरी येऊन तोच मजकूर त्याला संदेशाने पाठवावा. वस्तूची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. मोबाइल वा संगणक असेल तर त्यातील माहितीची प्रत काढून मगच तो द्यावा.

तारीख उलटली की फोनवर भांडत बसू नये. फोनवरील बोलणे वाऱ्यावर जाते. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला आणि दुकानदाराला एकच पत्र ई-मेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवावे. पत्र लांबलचक नसावे. नमुना असा:

‘अमुक अनुक्रमांकाचे माझे यंत्र दि. अमुक रोजी पावती क्रमांक अमुक अन्वये आपणांकडे दुरुस्तीसाठी दिले. ते अमुक तारखेपर्यंत परत देण्याचे आपण मान्य केले होते. आज इतके दिवस उलटूनही ते मिळालेले नाही. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत यंत्र दुरुस्त करून द्यावे; ते शक्य नसल्यास आहे त्या स्थितीत, आगाऊ रकमेसह परत करावे. विलंबाचे कारण व सुट्या भागाच्या उपलब्धतेची माहिती लेखी कळवावी. अन्यथा ग्राहक आयोगाकडे तक्रार करून भरपाई व खर्च मागितला जाईल.’

तोंडी सांगितलेली मुदत असली, तरी ती अशा पत्रात लेखी नमूद करावी. त्या पत्राला कोणी विरोध केला नाही, तर त्याचेही वजन असते.

‘पैसे भरल्याशिवाय वस्तू मिळणार नाही,’ असे सांगितले गेल्यास कलम १७० पाहावे. केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी वस्तू अडवून धरण्याचा हक्क कारागिराला आहे. पण तो प्रत्यक्ष केलेल्या कामापुरताच. दुरुस्ती झालीच नसेल, तर दुरुस्तीच्या रकमेसाठी वस्तू अडवता येत नाही. तपासणीचे शुल्क आधी ठरले असेल तर ते मात्र द्यावे लागते. न पटणारी रक्कम भरून वस्तू सोडवावीच लागली, तर पावतीवर ‘निषेध नोंदवून’ असे लिहावे.

आयोगाच्या दारी

पत्राला उत्तर आले नाही, तर पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची. १९१५ हा तिचा क्रमांक. तेथून कंपनीकडे तक्रार पाठवली जाते आणि तडजोडीचा प्रयत्न होतो. मात्र हेल्पलाइन बंधनकारक आदेश देत नाही आणि तिच्याकडे तक्रार केल्याने आयोगापुढील मुदतही थांबत नाही.

ती मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावे लागते. मधल्या काळात कितीही स्मरणपत्रे पाठवली तरी हा कालावधी वाढत नाही. मोजलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करायची. ५ लाखांपर्यंत कोणतेही शुल्क नाही. म्हणजे घरगुती वस्तूंच्या बहुतेक तक्रारी निःशुल्क दाखल होतात. वकील देण्याची सक्ती नाही; ग्राहकाला स्वतः बाजू मांडता येते.

दूरच्या दुरुस्तीच्या दृष्टीने नव्या कायद्याची सर्वात मोठी देणगी वेगळीच आहे. पूर्वी प्रतिपक्ष जेथे असेल किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले असेल तेथील आयोग शोधावा लागे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा अर्थार्जनासाठी काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. कार्यशाळा बेंगळुरूला असो वा गुरुग्रामला, डोंबिवलीच्या ग्राहकाला ठाणे जिल्हा सोडावा लागत नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. त्यासाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ हे संकेतस्थळ सुरू झाले आहे. दूरचित्रसंवादाद्वारे सुनावणीची विनंतीही करता येते.

आयोग दुरुस्ती पूर्ण करण्याचा, किंमत व्याजासह परत देण्याचा, भरपाईचा आणि खर्चाचा आदेश देऊ शकतो. प्रतिपक्षाने उत्तर ३० दिवसांत द्यावयाचे असते आणि त्यात फार तर १५ दिवसांची वाढ मिळते. वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी करावी लागत नसेल, तर प्रतिपक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात अनेक प्रकरणांना त्याहून बराच अधिक काळ लागतो, हे मान्य करून मगच ग्राहकाने पाऊल उचलावे. आदेश न पाळणाऱ्यास मात्र एक महिना ते तीन वर्षे कैद, किमान २५ हजार ते एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही धार असल्यानेच नीट लिहिलेले पत्र मिळताच अनेक तक्रारी आयोगापर्यंत न जाता मिटतात.

दुरुस्तीच्या हक्काचा विचार आता धोरणाच्या पातळीवरही सुरू झाला आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने त्यासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, कंपन्यांच्या दुरुस्तीविषयक माहितीसाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले. सुटे भाग आणि माहिती सर्वांना मिळू लागली, तर कितीतरी वस्तूंना परराज्याची वारी करावीच लागणार नाही. पण तो दिवस येईपर्यंत आपल्या हातातील कागद हाच आपला आधार.

सरांच्या मुलाने अखेर वरील नमुन्याचे पत्र पाठवले. तोंडी सांगितलेली तीन आठवड्यांची मुदत त्याने त्यात स्पष्ट लिहिली आणि वडिलांकडे दुसरे यंत्र नाही, हेही लिहिले. तेराव्या दिवशी यंत्र परत आले. उरलेले दुरुस्ती शुल्क दुकानदाराने माफ केले. सरांनी पोचपावतीवर हक्क राखून ठेवल्याची ओळ लिहिली. पण पुढे तक्रार करण्याइतकी उमेद त्यांना राहिली नव्हती. न ऐकलेले अकरा आठवडे कोणत्याही शुल्कमाफीत बसत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते.

परवा त्यांचे घड्याळ बंद पडले. कारागीर म्हणाला, ‘सर, पुढच्या आठवड्यात बघू.’ सरांनी पावती त्याच्यापुढे सरकवली, खिशातले पेन काढून दिले आणि म्हणाले, ‘तारीख लिहा.’